फाटकाजवळचं नऊचं ऊन

खडूकाकू ऊन मापायच्या. कापड मापावं तसं, टेप लावून. डिसेंबर उजाडला की रोज सकाळी त्या खाली उतरत. गळ्यात शिवणकामाची टेप, हातात निळा चपटा खडू आणि नजर फरशीवर. आमच्या सोसायटीच्या आवारात ऊन जिथवर आलं असेल तिथं रेघ ओढायच्या आणि शेजारी वेळ लिहायच्या. सात पन्नास, आठ दहा, साडेआठ. दुसऱ्या दिवशी ऊन रेघेच्या अलीकडेच थांबलं की कपाळाला आठी घालून म्हणायच्या, "आज दोन बोटं आखूड आलं गं." कुणी गिऱ्हाइकाने कापड कमी आणल्यासारखा चेहरा करत.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि आमच्या आठही बिऱ्हाडांतल्या बायकांचे ब्लाउज त्यावरच शिवले जात. काका लवकर गेलेले, मुलगी जळगावला दिलेली. दिवसभर मशीन चालवायचं म्हणजे दिवसभर सावलीत बसायचं. म्हणून सकाळच्या उन्हावर आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची दुमजली सोसायटी. पूर्वेला रिकामा प्लॉट, त्यात एक बोरीचं झाड आणि कुणाची तरी म्हैस. त्यामुळे सूर्य उगवला की ऊन थेट आवारात. पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत कुठेही खुर्ची टाका, ऊन आहेच.

मी पहिल्यापासून याद्या करणारी. कचेरीला जायची बस आठ चाळीसला, म्हणजे घरातून साडेआठला निघायचं. त्याआधी डबे, पाणी, मुलांची शाळा. या सगळ्यातून आठ ते साडेआठ एवढा अर्धा तास मी मोकळा काढला होता आणि यादीत त्याच्यापुढे 'ऊन व मटार' असं लिहिलं होतं. हिवाळ्यात संध्याकाळच्या भाजीचे मटार मी सकाळच्या उन्हात सोलत असे.

आमची बैठक पाचजणींची. खडूकाकू, मी, माझ्या सासूबाई माई, वरच्या मजल्यावरची शालन आणि समोरच्या सटाण्याच्या वहिनी. शालनचं माहेर निफाडकडचं, भावाची द्राक्षबाग. थंडीची बातमी वर्तमानपत्राआधी तिच्याकडे यायची.

"निफाडला किती?" हा आमचा रोजचा पहिला प्रश्न.

"पाच पॉइंट आठ. भावाने पहाटेच बागेत शेकोट्या पेटवल्यात. मणी तडकले तर वर्ष गेलं."

"आज भलती थंडी शे, माय!" वहिनी शालीतून तोंड बाहेर काढून म्हणायच्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत, पण पारा उतरला की अहिराणीवर येत.

"वहिनी निघाल्या बघा सटाण्याला," काकू म्हणायच्या. "पाचच्या खाली गेला की थेट मालेगावपर्यंत जातील."

मग बोलण्याला काही धरबंध नसे. बाजरीच्या भाकरीला तीळ लावावे की नाही, पेरूने खोकला वाढतो की पेरूच्या बियांनी, कुणाच्या गिझरने कितीदा झटका दिला. माई सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे कुठल्याही वादात शेवटचं वाक्य त्यांचं. काकूंचा नियम एकच होता. ज्या बाईला सर्दी असेल तिला पहिलं ऊन. खुर्ची त्या स्वतः उचलून रेघेपाशी ठेवत.

त्यांची दुसरी सवय वेळेची. ब्लाउजला आत माया सोडतात तशी वेळेलाही दहा मिनिटांची माया सोडावी, असं त्या म्हणत. "अंग सुटतं तसा दिवसही सुटतो गं. घट्ट शिवलास की उसवतो." मी हे ऐकल्यापासून माझ्या यादीत दर दोन कामांच्या मध्ये दहा मिनिटं सोडायला लागले. आजही सोडते.

एका उन्हाळ्यात शेजारचा प्लॉट विकला गेला. म्हैस गेली, बोर तोडली आणि पावसाळाभर तिथं एकेक स्लॅब पडत गेला. चार मजले. काकू शिवता शिवता खिडकीतून बघत आणि आम्हाला सांगत, "दुसरा झाला. अजून आपल्या उन्हाला धक्का नाही." तिसरा झाला तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्याच दिवाळीत, वसुबारसेला, माई पडल्या. आवारात रांगोळी काढून उठताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, नोव्हेंबरच्या मध्याला त्या घरी आल्या. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "हाड जुळेल. पण त्या चालल्या नाहीत तर अंथरुणालाच खिळतील. पुढच्या दीड-दोन महिन्यांत काय ते ठरेल."

मी लगेच यादी केली. 'माई, चालणे. सकाळी पाच मि., संध्याकाळी पाच मि.' भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवली. पंधरा दिवस झाले तरी तिच्यावर एक खूण होऊ शकली नाही. माई वॉकर धरून उभ्या राहत आणि लगेच खाली बसत.

"पुन्हा पडले तर?" एवढंच म्हणत.

मी समजावलं, ह्यांनी रागावून पाहिलं, नातवंडांनी लाडीगोडी लावली. वॉकर पलंगाशेजारी उभा असे आणि त्यावर टॉवेल वाळत असे. ज्या बाईने तरुणपणी वणीचा गड दरवर्षी पायी चढला, ती बाई पलंगापासून न्हाणीपर्यंत आमच्या दोघांच्या खांद्यावर लटकून जायची. मला रात्री झोप लागेना, आणि झोप लागेना हे यादीत लिहून काही होण्यासारखं नव्हतं.

डिसेंबर लागला. पहिल्या सकाळी सवयीने आम्ही खुर्च्या टाकल्या. आठ वाजले, आठ दहा झाले. समोरच्या चार मजल्यांच्या मागे आकाश उजळलं, पण आवार निळंच. वहिनी दोन्ही हात काखेत घालून म्हणाल्या, "गेलं आपलं ऊन." शालनने शिव्या द्यायला सुरुवात केली. त्यात बिल्डर, त्याचा आर्किटेक्ट आणि म्हशीचा मालक असे सगळे आले.

काकूंनी गळ्यातली टेप काढली.

तीन दिवस त्यांनी शिवण बंद ठेवली. सात ते अकरा त्या आवारात फिरत. नव्या इमारतीची आणि तिच्या शेजारच्या बंगल्याची मधली फट, इमारतीचं दुसरं टोक, सगळीकडे बघत, फरशीवर खुणा करत. चौथ्या दिवशी त्यांनी बैठक बोलावली आणि वेळापत्रक जाहीर केलं.

"सव्वाआठ ते पावणेनऊ, टाकीपाशी. फटीतून येतं. मग सूर्य इमारतीमागे जातो. नऊ वाजता तो दुसऱ्या टोकाने बाहेर निघतो, तेव्हा फाटकापाशी. तिथं साडेदहापर्यंत आपलंच."

"आणि पावणेनऊ ते नऊ?" शालनने विचारलं.

"तेव्हा चालायचं. बावीस पावलं आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मी आणि हे माईंना दोन्ही बाजूंनी धरून टाकीपाशी आणून बसवू लागलो. आमचं दार टाकीपासून सहा पावलांवर, तळमजल्याला. डॉक्टरांनी ऊन सांगितलं होतं, तेवढं तरी मिळेल असा माझा हिशेब. वॉकर शेजारी ठेवायचा आणि साडेआठला बस गाठायची. पुढचं काय होई ते मला संध्याकाळी शालनकडून कळे.

पहिल्या दिवसाची हकिगत तिने हसत हसतच सांगितली. पावणेनऊला टाकीपाशी सावली आली. बाकीच्या उठल्या. माई म्हणाल्या, "मला घरात न्या." काकू म्हणाल्या, "नेते हो. जरा उभ्या राहा, पदर नीट करते." माई वॉकर धरून उभ्या राहिल्या, आणि काकूंनी त्यांच्या मागची खुर्ची उचलून चालायला सुरुवात केली.

"अहो, माझी खुर्ची!"

"पुढे नेतेय. उन्हात ठेवते. या तुम्ही."

"काकू, हा काय चावटपणा?"

"थंडी फार आहे माई, उभ्याने भांडण नको. बसून भांडू."

माई सात पावलं चालल्या. तिथं काकूंनी खुर्ची टेकवली. मग शालन आणि वहिनींनी त्यांना धरून फाटकापर्यंत नेलं. उन्हात बसल्यावर माई पाव तास काकूंशी बोलल्या नाहीत, आणि मग कुणीतरी सोलाण्याची उसळ हिंगावर करावी म्हणालं तेव्हा त्यांना बोलावंच लागलं.

मी ते ऐकून तशीच कॅलेंडरपाशी गेले. मग भिंतीवरच्या यादीवर पहिली खूण केली. सात.

त्याच संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "सुनंदा, तू गोधड्या उन्हात घालतेस ना दारापुढच्या दोरीवर?"

"अधूनमधून. हे चार-पाच दिवस घालतेय."

"रोज घालत जा गं. थंडीत ओल धरतात. साडेआठला निघताना टाकायच्या, झालं."

मी यादीत लिहिलं. 'गोधड्या, साडेआठ, रोज.' आमच्या दाराला बाहेर एक रुंद दगडी पायरी आहे, तिच्यापुढे ही दोरी. चार गोधड्या टाकल्या की पडदाच होई.

खूण रोज वाढत गेली. सात, नऊ, नऊ, अकरा. एके दिवशी पुन्हा पाच, कारण रात्री पाय दुखला होता. मग तेरा. मध्ये खुर्ची टेकवायचीच, पण कुठे टेकवायची ते काकू ठरवत आणि आदल्या दिवशीच्या खुणेच्या एक वीत पुढे टेकवत. माई रोज तक्रार करत. "ही बाई मला मापून मारणार आहे," असं त्या ह्यांना म्हणाल्या. पण पावणेआठपासून त्या घड्याळाकडे बघत बसायच्या हेही मी पाहत होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला रविवार आला. त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक सकाळ असावी. बादलीतलं पाणी हाताला चावत होतं, आणि मुलं गोधड्यांतून उठायला तयार नव्हती. अंगावरून ओढून काढायचं जिवावर आलं, म्हणून दोरी रिकामीच राहिली. माईंना टाकीपाशी बसवलं आणि मी रविवारच्या भाजीला निघाले. कोपऱ्यापुढे गेल्यावर पर्स चाचपली. यादी घरीच राहिलेली. आयुष्यात असं दोनदा झालंय, त्यातली ही एक वेळ. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, दोन शब्द बोलणं झालं. फाटकात परतले तेव्हा नुकतेच नऊ वाजत होते.

फाटकापाशी काकू, शालन आणि वहिनी बसलेल्या. चौथी खुर्ची रिकामी. आणि समोर, आमच्या दारातल्या पायरीवर, लख्ख ऊन. नऊचंच ऊन. टाकीपासून सहा पावलांवर!

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. माई टाकीकडून वॉकर टेकवत येत होत्या. तोंडातून वाफ निघत होती, आणि त्या थंडीतही कपाळावर घाम होता. अशा दुखऱ्या माणसाला सहा पावलांवर ऊन असताना या बायका बावीस पावलं चालवत होत्या. मी ओरडायला तोंड उघडलं. "माई, अहो, ती पायरी..."

काकूंनी माझं मनगट धरलं. शिवणाऱ्या बाईची पकड. "गप," त्या म्हणाल्या. "एक मिनिट गप बस."

माई पायरीपाशी पोचल्या आणि थांबल्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं. ऊन त्यांच्या पावलांवर आलं होतं. वॉकरवरचा एक हात काढून त्यांनी तो दाराच्या चौकटीला लावला. मला वाटलं, बसल्या.

मग माईंनी हात परत वॉकरवर घेतला. वॉकर उचलून पुढे टेकवला. ठक. पाऊल. ठक. पाऊल. खुर्ची मध्ये टेकवायला त्या दिवशी काकू उठल्याच नाहीत. सोळा पावलं आम्ही चौघी पुतळ्यासारख्या होतो. माई आल्या, खुर्चीत टेकल्या, पदराने कपाळ पुसलं आणि शालनकडे वळून म्हणाल्या, "काय गं, निफाडला किती?"

शालन रडत होती. वहिनींनी सांगितलं, "चार. चार शे, माई."

दुपारी मी काकूंच्या खोलीत गेले, भांडायच्याच तयारीने. त्या बाही लावत होत्या. मशीन न थांबवता म्हणाल्या, "बोल."

"तुम्हाला पायरीचं ऊन माहीत होतं?"

मशीन थांबलं. "पहिल्या दिवशी नव्हतं. शपथेवर सांगते. पंचवीस वर्षं मापं घेतेय, पण पायरीचं माप माझं चुकलं. मी मापत होते ते तिन्ही दिवस तुझ्या गोधड्या आड होत्या. मला वाटलं तिथं सावलीच आहे."

"मग कळलं कधी?"

"माई सात पावलं चालल्या ना, तेव्हाच. त्यांना फाटकाशी बसवलं आणि मागे वळून पाहिलं, तर तुझ्या गोधडीच्या खालून चार बोटं ऊन बाहेर आलेलं. खडू हातात होता. पायरीवर रेघ ओढायची, की गप्प बसायचं? तू सांग, तू काय केलं असतंस?"

"म्हणून मला गोधड्या रोज घालायला लावल्यात!"

"ओल धरतात गं थंडीत," काकू म्हणाल्या. "ते काही खोटं नाही."

भांडायला आलेली मी हसत सुटले. म्हणजे पाच-सहा आठवडे या कटातलं सगळ्यात नियमित काम मीच करत होते, यादीत लिहून. घरी आले आणि आधी भिंतीवर खूण केली. बावीस. गोधड्यांची ओळ मात्र खोडली नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला त्या दोरीवर होत्या.

होळीपर्यंत वॉकर माळ्यावर गेला आणि माईंच्या हातात काठी आली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय केलंत?" माई म्हणाल्या, "ऊन खाल्लं." रांगोळी त्यांनी पुढच्या दिवाळीतही काढली, स्टुलावर बसून, आणि काकूंनी शेजारी उभं राहून ठिपक्यांची अंतरं तपासली.

पुढे चार-पाच हिवाळे तसेच गेले. मग काकूंच्या डोळ्यांना सुईत दोरा दिसेना, तेव्हा लेकीने त्यांना जळगावला बोलावलं. त्या फेब्रुवारीत निघाल्या. गल्लीत रस्ता खणलेला असल्यामुळे रिक्षा कोपऱ्यावरच थांबली होती. सामान ह्यांनी पुढे नेलं. आम्ही फाटकापर्यंत आलो. माई सहसा तिथंच थांबत. पडल्यापासून त्या फाटकाबाहेर पायी गेल्या नव्हत्या. दवाखान्यात जायचं तर रिक्षा आत येई.

काकू त्यांच्या पाया पडल्या आणि निघाल्या. दहा पावलांवर त्यांना मागून काठीचा आवाज आला. वळून पाहिलं तर माई.

"माई, कुठे निघालात? फाटकापुढे मी कधी रेघ ओढली नाही हो."

"मग आता ओढून जा," माई म्हणाल्या.

खणलेल्या रस्त्याच्या कडेने, माझा हात न धरता, माई कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेल्या. काकूंनी पर्स उघडली. खडू आत होताच. खांबाखालच्या फरशीवर त्यांनी एक लांब रेघ ओढली, घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि शेजारी लिहिलं, नऊ वीस. मग रिक्षात बसल्या आणि आम्हाला रडायला वेळ मिळू नये म्हणून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला हो, किती वेळ?"

रेघ पहिल्याच पावसात गेली. खांब होता. माई पुढची बरीच वर्षं रोज तिथवर जाऊन येत. जळगावहून फोन आला की काकू माझी चौकशी मागाहून करत. आधी विचारत, "खांबापर्यंत जातात ना?" आणि मग, "निफाडला किती?"

एकदा मी माईंना विचारलंच. म्हटलं, "त्या रविवारी पायरीवर ऊन दिसलं होतं ना तुम्हाला?"

"रविवारी कशाला? गोधडीच्या फटीतून आधीच दिसत होतं. डोळे शाबूत होते माझे."

"मग बसला का नाहीत?"

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच साधी गोष्ट विचारली होती. "तिथं बोलायला कोण होतं?" त्या म्हणाल्या.

आता माझे गुडघे कुरकुरतात. बस गाठायची नसते, तरी मटार मी आठ वाजताच घेऊन बसते. नऊला आमच्या पायरीवर ऊन येतं, अजूनही तसंच लख्ख. मुलगा म्हणतो, "आई, इथंच बस ना, कशाला तिकडे जातेस?" मी त्याला गोधड्या वाळत घालायला सांगते आणि खुर्ची उचलते. अर्ध्या वाटेवर दम लागतो, तेव्हा ती टेकवते आणि पुन्हा उचलते. फाटकापाशी शालन आधीच येऊन बसलेली असते.

"किती गं?" मी लांबूनच विचारते.

"सहा पॉइंट दोन," ती ओरडते. "ये की लवकर, ऊन चाललं!"